नवव्या निशाणाचा धाकटा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. दुसरा अर्धा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल माझ्या मनात सात वर्षं जी जळजळ होती, तिनेच एका भल्या माणसाचं नुकसान केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी लबाड म्हणायला नको.

आमचा जन्म आमोण्याचा, नदीकाठच्या बांबूच्या बेटातला. एके दिवशी तिथे टेम्पो घेऊन भैरू आला. भैरू मूळचा चंदगडकडचा. गोव्यात तो बांधकामावर आला, मग पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, नवीन गोल्फ क्लब निघाला तिथे माळी म्हणून राहिला. त्याने बेटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आमच्या अंगावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "ह्यो पक्का हाय." तेव्हा आम्ही दोघं एकच होतो. ते कौतुक आम्हा दोघांचं होतं, एवढं लक्षात ठेवा.

सड्यावर नेऊन त्याने आम्हाला मधोमध कापलं. खालचा भाग जाड, सरळसोट निघाला. वरचा भाग म्हणजे मी. बारीक, लवलवता आणि शेंड्याकडे जरा वाकलेला. क्लबाचे सेक्रेटरी परेश तिथेच उभे होते. पेडण्याच्या बाजारात त्यांचं रंगाचं दुकान आहे. त्यांनी भावाला हातात घेऊन डोळ्यासमोर धरलं.

"हो बरो आसा. ह्येका बावटो लाव. नवव्याक घाल."

"आणि ह्यो?" भैरूने मला उचललं.

"तो शेंडो? चुलीत घाल."

"ऱ्हाऊ द्या. दव झाडाय हुईल."

अशी आमची वाटणी झाली. एकाला बावटा आणि एकाला चूल. भैरू मध्ये बोलला नसता तर आज ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो. पण मनाचं कसं असतं बघा, वाचवणाऱ्याचे शब्द पुसट झाले आणि "चुलीत घाल" मात्र गाठीगाठीत बसलं.

आमचा क्लब काही बड्या लोकांचा नाही. बँकेतले, शाळेतले, काजूचा व्यापार करणारे, एक दातांचे डॉक्टर, अशी चाळीसेक माणसं. रविवारी सकाळी पांढऱ्या टोप्या घालून येतात आणि चेंडू मारून मारून झाडीत हरवतात. नऊ मैदानं आहेत. प्रत्येकाच्या शेवटी मऊ, बारीक कापलेल्या गवताचा एक गोल असतो, त्याला ग्रीन म्हणतात. त्या गोलात एक छोटा खड्डा, म्हणजे होल. होलात निशाणाची काठी उभी असते, लांबून दिसावी म्हणून. नववं होल क्लबाच्या कौलारू खोलीसमोरच आहे. तिथे सगळ्यांची नजर असते, आणि तिथेच माझा भाऊ उभा होता.

दर गणेशचवथीच्या आधी परेश स्वतः आपल्या दुकानातला डबा आणून त्याला रंग लावायचे. एक पट्टा लाल, एक पांढरा. जिंकलेली माणसं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायची. चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबला की टाळ्या पडायच्या. टाळ्या चेंडू मारणाऱ्याला असतात हे मला कळत होतं, पण भाऊ मात्र त्या आपल्यालाच असल्यासारखा ताठ उभा राहायचा. बाकीच्या आठ होलांवरच्या बांबूच्या काठ्या जाऊन चकचकीत विकतच्या काठ्या आल्या. नवव्यावरची मात्र कोणी हलवली नाही. "ती आमच्या शकुनाची," असं सगळे म्हणायचे.

आणि मी? ग्रीनच्या मागे काजूचं झाड आहे, त्याला टेकून उभा. अंगावर लाल मुंग्या. भैरूची बायको शेवंता क्लबाच्या स्वयंपाकघरात काम करते. ती कधी कधी माझ्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घालायची. भावावर बावटा आणि माझ्यावर फडकं.

माझं काम ऐका. पाऊस सरला की सड्यावर पहाटे दव पडतं. ग्रीनवरच्या प्रत्येक पात्याच्या टोकावर थेंब असतो. चेंडू त्यातून घरंगळायला लागला की पाणी गोळा करत जातो, जड होतो आणि मध्येच थांबतो. म्हणून फटफटायच्या वेळी भैरू मला दोन्ही हातांत धरतो, मनगट हलकं ठेवतो आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतो. माझा शेंडा गवताला फक्त शिवतो, पण एक थेंब शिल्लक राहत नाही. हे जाड बांबूचं काम नाही. माझ्या भावाला जमलं नसतं. मात्र ऊन वर येईपर्यंत ग्रीन कोरडंठाक असतं आणि लोकांना वाटतं ते तसंच असतं. काम नीट झालं की ते झालं होतं हेच कुणाला कळत नाही, यासारखं दुःख नाही.

क्लबात पितळेचा कप होता, परेशची नवी चामड्याची बॅग होती, पण मला त्यांचा कधी हेवा वाटला नाही. परक्याचं काय घेऊन बसायचं? पोटात दुखतं ते आपल्याच माणसाचं. त्यातून भाऊ स्वभावाने चांगला. रोज सकाळी विचारायचा, "काय रे, आज दव किती होतं?" तो चांगलं बोलला की मला जास्तच राग यायचा. मी उत्तर द्यायचो नाही. मनात म्हणायचो, मोड एकदाचा.

आता त्या ऑक्टोबरची गोष्ट. क्लबाची वर्षाची मोठी स्पर्धा आणि जेवण त्याच महिन्यात असतं. जिंकणाऱ्यांची नावं खोलीतल्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहितात. त्या वर्षी पद्मावतीबाईंनी नवीन टूम काढली. पद्मावतीबाई म्हणजे निवृत्त परिचारिका, क्लबातली सगळ्यात अचूक खेळणारी बाई. त्या सभेत म्हणाल्या, "वर्सभर ही माणसां गवत राखतत आणि आमी खेळतव. एक दिस त्येंकाय खेळूंदे. एक मेंबर आणि एक कामगार अशी जोडी करूया. आळीपाळीन एकेक फटको. आणि जिंकली तर फळ्यार नावां दोघांचीय."

चिठ्ठ्या टाकल्या. भैरूची चिठ्ठी पद्मावतीबाईंच्याच जोडीला निघाली.

त्या दिवसापासून भैरू बदलला. काम आटोपलं की बाईंनी दिलेली खेळायची जुनी काठी आणि झाडीत सापडलेले चेंडू घेऊन नवव्यावर यायचा. ग्रीनचा उतार त्याला तळहातासारखा पाठ होता. त्यानेच तर ते वाढवलं होतं. एका संध्याकाळी शेवंता चहा घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, "धा वर्सं लोकांच्या भिंती उचलल्या. कुठंबी नाव न्हाई आपलं. फळ्यावर लागलं तर पोरं बघतील."

"लागंल की," शेवंता म्हणाली. "फोटू काढून गावाकडं धाडू."

मी काजूला टेकून ऐकत होतो. भैरूचं नाव फळ्यावर लागावं असं मलाही मनापासून वाटलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात कधीच काळं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या पावसाचा भरवसा नसतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी गडगडाट. म्हणून दरवर्षी स्पर्धेआधी क्लबाचे अध्यक्ष कृष्णनाथबाब देवाला गाऱ्हाणं घालतात. ते पंचाहत्तरीचे, एके काळचे हेडमास्तर. मैदानाच्या बांधावर राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. बुधवारी सगळे तिथे जमले. कृष्णनाथबाबांनी खोलीच्या पायरीवर सोललेला नारळ पुढे ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलीत. येत्या शेनवारा आमची स्पर्धा आसा. त्या दिसा पावसाक आवर घाल, विजेक आवर घाल. कोणाचो चेंडू तळयेत पडूक दिव नको. काय चुकला माकला तर पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

पण गुरुवारी प्रमुख पाहुण्यांचा फोन आला. मोप्याच्या विमानतळावर येणारं त्यांचं विमान शनिवारऐवजी रविवारी. स्पर्धा एक दिवस पुढे गेली. मंडपवाल्याला कळवलं, पाववाल्याला कळवलं, मेंबरांच्या मोबाइलवर निरोप गेले. राखणदाराला मात्र कोणी कळवलं नाही.

शनिवारी आकाशात औषधालाही ढग नव्हता. देवाने दिलेला शब्द पाळला.

रविवारी पहाटे भैरूने मला नवव्या ग्रीनवर फिरवलं. त्या दिवशी जरा जास्तच मन लावून. मग मला काजूला टेकवून तो गेला आणि पांढरा सदरा घालून खेळायला आला. मंडपात चण्याची पातळ भाजी, उंडे पाव आणि मिरचीची भजी यांचा वास सुटला होता. एकेक जोडी खेळून येत होती. परेशची जोडी क्लबाचा रखवालदार यशवंत याच्याबरोबर होती. त्यांचे फटके सगळ्यात कमी झाले होते. फक्त पद्मावतीबाई आणि भैरू यायचे बाकी होते, आणि ते दोघं परेशच्या पुढे होते, असं लोक म्हणत होते.

तेवढ्यात कारापूरच्या बाजूने अंधारून आलं. भोंगा वाजला, सगळे मैदान सोडून खोलीत धावले. वारा असा सुटला की मंडपाचं कापड उडून विहिरीच्या काठाला अडकलं. विजा पडत होत्या. "आमी तारीख बदलली ता त्येका सांगूक विसरलव," कृष्णनाथबाब दारातून आकाशाकडे बघत पुटपुटले. कोणी हसलं नाही.

मी काजूच्या आडोशाला होतो. भाऊ उघड्यावर. बावट्याने वारा धरला आणि तो वाकायला लागला. जाड बांबू कुठवर वाकणार? मी डोळे मिटून म्हटलं, मोड. आणि कडाड असा आवाज झाला. मित्रांनो, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही. तो आडवा पडला आणि माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

अर्ध्या तासाने पाऊस ओसरला. उरलेली जोडी खेळवायची तर होलात निशाण हवं. परेशनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. ज्यांनी मला चुलीत घालायला सांगितलं होतं, तेच चालत माझ्याकडे आले. भावाचा लाल बावटा त्यांनी माझ्या शेंड्याला बांधला. होलाच्या तळाशी काठीची खोबण असते, तिच्यात मी सैल बसत होतो. परेशनी पायरीवरचं गाऱ्हाण्याच्या नारळाचं सोडण, म्हणजे काथ्याची साल, उचललं, त्याच्या चिपा केल्या आणि माझ्या भोवती ठोकून बसवल्या. मी उभा राहिलो. सात वर्षांनी! ओल्या बावट्याच्या वजनाने माझा शेंडा पुढे झुकला आणि खोलीच्या दारातून कोणीतरी म्हणालं, "बावटो नमस्कार करता." लोक हसले. मला वाटलं, हसू देत, बघताहेत तर माझ्याकडेच.

इतक्यात पुन्हा एक बारीक सर आली आणि गेली. सोडण पाणी प्यालं आणि फुगलं. मीही फुगलो. खोबणीत असा गच्च बसलो की आता मला कोण काढतो, असं मनात म्हटलं.

पद्मावतीबाईंनी लांबून सुरेख फटका मारला. चेंडू ग्रीनवर येऊन माझ्यापासून पाच पावलांवर थांबला. आता पाळी भैरूची. हा एक फटका आत गेला तर कप यांचा. दोन लागले तर बरोबरी, आणि बरोबरीत नवव्या होलावर कमी फटके घेतलेली जोडी जिंकणार. ती परेशची होती.

भैरू चेंडूची वाट न्याहाळायला खाली वाकला. ग्रीनवर पाण्याचा पातळ थर चकाकत होता. त्याने सवयीने काजूच्या झाडाकडे बघितलं. तिथे मी नव्हतो. मग त्याने होलाकडे बघितलं. त्याची माझी नजर मिळाली आणि माझा ताठा पहिल्यांदा थोडा उतरला.

"पाणी झाडाय पायजे," तो म्हणाला.

"खेळणाऱ्यान आपली वाट झाडूक जायना, भैरू. नियम आसा," परेश म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मग तेच म्हणाले, "पण दुसऱ्या कोणी झाडली तर चलात. शेवंता, तू झाडशीत?"

शेवंताला मनगटाचं ते काम येत होतं. कित्येक पहाटे तिने ते केलं होतं. ती अनवाणी ग्रीनवर आली, मला दोन्ही हातांनी धरलं आणि वर ओढलं. मी हललो नाही. तिने पुन्हा जोर लावला. चिपा फुगल्या होत्या हे खरं, पण मित्रांनो, सगळं खापर चिपांवर फोडणं बरं नाही. मलाच सुटायचं नव्हतं. सात वर्षांनी जागा मिळाली होती. ती अर्ध्या घटकेत सोडून पुन्हा पाणी झाडायला जायचं? मी घट्ट धरून ठेवलं. होलाच्या काठाची माती सुटायला लागली.

"सोड गो, काठ मोडतलो," कृष्णनाथबाब म्हणाले. लांब पुन्हा गडगडत होतं. "बेगीन करा. आनी एक भोंगो वाजलो तर आजचो खेळ सोपलो."

शेवंता धावत जाऊन स्वयंपाकघरातला खराटा घेऊन आली. भैरूने तो हाताने अडवला.

"खराट्यानं नगं. गवात उपाटतंय. मुळं वली हैत."

"मग तुमचा चेंडू?" ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. बघू."

पद्मावतीबाई जवळ आल्या. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भैरूने दोनदा श्वास घेतला आणि चेंडू मारला.

फटका अगदी बरोबर होता. मी होलातच उभा होतो, माझ्याइतकं जवळून कोणी बघितलं नाही. चेंडू सरळ माझ्याकडे यायला लागला. त्याच्या मागे पाण्याची रेघ उठत होती. तीन पावलं आला, चार पावलं आला. पाणी त्याच्या अंगाला चिकटत होतं आणि तो जड होत होता. मी शेंड्यापासून खोबणीपर्यंत त्याला ये म्हणत होतो. तो माझ्यापासून एक वीत अंतरावर थांबला.

पद्मावतीबाईंनी तो वीतभर अंतराचा चेंडू आत ढकलला. यशवंतला आपण जिंकलो हे कळायलाही थोडा वेळ लागला. भैरूनेच आधी टाळी वाजवली.

"तू बरोबर मारलंस, भैरू," बाई म्हणाल्या.

"वाट वली हुती, बाई," तो एवढंच म्हणाला.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. मला हवी ती जागा मिळाली, आणि ज्या एका कामासाठी जगात माझी गरज होती, त्याच वेळी मी तिथे बावटा डोक्यावर घेऊन उभा होतो.

संध्याकाळी परेशनी फळ्यावर नावं लिहिली. परेश आणि यशवंत. यशवंत लहान मुलासारखा खूश झाला होता. भैरू दारात उभा राहून फळ्याकडे बराच वेळ बघत होता. त्याने मान वळवली तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. त्यात माझ्या ओळखीचं काहीतरी होतं. शेवंता हळू आवाजात म्हणाली, "तिथं आपलं नाव असतं." तो "हूं" म्हणाला आणि खुर्च्या गोळा करायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच आला. सुरीने एकेक चीप काढून त्याने मला होलातून सोडवलं. माझ्या अंगाला लागलेली माती सदऱ्याच्या टोकाने पुसली. नवव्यावरही आता विकतचीच काठी येणार होती. मग त्याने मोडलेल्या भावाचा धड उरलेला तुकडा शोधून काढला, माझ्या बुडाशी जोडला आणि सुंभाने घट्ट बांधला. भाऊ झाला मूठ आणि मी झालो शेंडा. सात वर्षांनी आम्ही पुन्हा एक बांबू झालो. भावाने पहिला प्रश्न विचारला, "काय रे, आज दव किती आहे?"

"खूप आहे," मी म्हणालो. सात वर्षांतलं हे माझं पहिलं उत्तर.

तुम्हाला वाटेल, आता माझी जळजळ गेली. कुठची जायला! पूर्वी भैरूचे तळहात माझ्या अंगावर असायचे. आता ते भावाच्या अंगावर असतात. रंग गेला, बावटा गेला, तरी शेवटी हात त्यालाच. माझं थोडं दुखतंच. पण आता ते दुखणं घेऊन मी कामाला जातो, कामाच्या आड येऊ देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कुठल्या तरी कोपऱ्यात माझ्यासारखं कोणीतरी टेकून उभं असेल. वस्तू असेल किंवा माणूस असेल. त्याच्या अंगावर फडकं वाळत घालू नका. त्याला रंग लावला नाही तरी चालेल. फक्त कधीतरी त्याच्याकडे बघून म्हणा, हे तू केलंस, आम्हाला ठाऊक आहे. तेवढं माझ्या वाट्याला आलं असतं, तर त्या दिवशी मी शेवंताच्या हातात सहज सुटून आलो असतो.

त्या पहाटे आम्हाला बांधून झाल्यावर भैरूने लगेच झाडायला सुरुवात केली नाही. त्याने चारी बाजूंना बघितलं. कोणी नव्हतं. ग्रीन दवाने पांढरं झालं होतं. त्याने मला पेनासारखं तिरकं धरलं आणि त्या पांढऱ्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. भैरू. फळ्यावरच्या कोणत्याही नावापेक्षा ते मोठं होतं. तो एक बिडी संपेपर्यंत त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग मनगट हलकं केलं आणि मेंबर यायच्या आत सगळं ग्रीन नीट झाडून काढलं.